वडनेरहून फ्रेंच हॉर्न शिकताना: खर्च किती, वेळ किती, फसगत कुठे

आधी वाद्य विकत घेऊ नका. इथून पुढचं सगळं वाचायला वेळ नसेल, तर एवढं एक वाक्य लक्षात ठेवा. फ्रेंच हॉर्नवर वाया जाणाऱ्या पैशांतला मोठा भाग पहिल्याच महिन्यात, चुकीच्या खरेदीत जातो.

वडनेर किंवा हिंगणघाटात हॉर्नचा वर्ग शोधत फिरू नका, नागपुरातही नियमित वर्ग मिळेल असं धरून चालू नका. तुमचं शिक्षण तीन ठिकाणी विभागून होणार आहे: श्वास आणि ओठांची तयारी गावाजवळच्या बॅंडमास्तरांकडे, हॉर्नचं खास शिक्षण मोबाईलवर ऑनलाइन, आणि अधूनमधून प्रत्यक्ष तपासणी नागपूर किंवा मुंबईत. या क्रमाने गेलात तर पहिले तीन-चार महिने अगदी थोडक्या पैशांत निघतात. हे वाद्य आपल्याला झेपतंय का, हेही मोठी रक्कम घालण्याआधीच कळतं.

पहिले तीन-चार महिने

पहिली खरेदी फक्त माउथपीसची. हॉर्नचा माउथपीस नरसाळ्यासारखा खोल आणि कडेला बारीक असतो, ट्रम्पेटचा वाटीसारखा उथळ असतो. दुकानदार 'सगळं एकच' म्हणाला तरी ट्रम्पेटचा घेऊ नका. चांगल्या कंपनीचा नवा माउथपीस साधारण तीन ते सहा हजार रुपयांत येतो, आणि पुढे हॉर्न घेतल्यावरही तोच चालतो. मागवताना मागची दांडी युरोपीय मापाची की अमेरिकी मापाची, हे विचारून लिहून ठेवा. चुकीच्या मापाचा माउथपीस हॉर्नमध्ये नीट बसत नाही आणि सूर हलतो.

माउथपीस ओठांवर कसा ठेवायचा? सर्वसाधारण पद्धत अशी: दोन तृतीयांश वरच्या ओठावर, एक तृतीयांश खालच्या. गाल फुगवायचे नाहीत. ओठांवर दाबायचा नाही. नुसत्या माउथपीसवर ओठांची थरथर काढून एखादी ओळखीची चाल सुरात वाजवता आली पाहिजे. रोज दोनदा, दहा-दहा मिनिटं पुरे.

आता बॅंडमास्तर. हिंगणघाट-वर्धा भागातल्या बॅंडपथकांत ट्रम्पेट आणि युफोनियम वाजवणारे असतात, हॉर्न वाजवणारा सहसा नसतो. तरी पितळी वाद्याचा श्वास आणि स्वर धरून ठेवणं तुम्ही त्यांच्याच ट्रम्पेटवर त्यांच्याकडून शिकू शकता. गाठायची वेळ मात्र नीट निवडा. लग्नसराईत त्यांना सुपारीशिवाय दुसरं काही सुचत नाही. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंतचे चार महिने त्यांच्याकडे वेळ असतो आणि शिकवणीचे पैसेही त्यांना हवे असतात. महिन्याची फी आधी ठरवा. आठवड्याला दोन बैठकांचे हजार ते दोन हजार रुपये, असं मनात धरून बोलणी करा. स्टाफ नोटेशन वाचणारे मास्तर मिळाले तर थोडे जास्त द्या. ते पैसे पुढे ऑनलाइन तासांत वसूल होतात, कारण नोटेशन शिकण्यात महागडे तास खर्च होत नाहीत.

एक सावधगिरी. मिरवणुकीत वाजवणाऱ्याला लांबवर ऐकू जायचं असतं, म्हणून तो जोर लावून फुंकतो. ती सवय हॉर्नला घातक आहे. मास्तरांना स्पष्ट सांगा: हळू आवाजात, लांब स्वर हवे आहेत. शिवाय ट्रम्पेटच्या कळा उजव्या हाताने दाबतात, हॉर्नच्या डाव्या हाताने. म्हणून ट्रम्पेटवर तीन-चार महिन्यांपेक्षा जास्त रेंगाळू नका.

मुलासाठी विचारत असाल तर पुढचे कायमचे दात आलेले असावेत आणि वय साधारण दहा-अकरा असावं. दातांना तारा बसवायच्या असतील तर दंतवैद्यांना आधी विचारा. तारा बसल्यावर सुरुवात केली तर ओठ सोलवटतात आणि मूल कंटाळून सोडून देतं.

शिक्षक कुठे मिळेल

हॉर्न नीट वाजवणारी माणसं आपल्याकडे दोन ठिकाणी सापडतात. एक, लष्कर, नौदल आणि वायुदलाचे बॅंड. दोन, मुंबईतला पाश्चात्त्य वाद्यवृंद. एनसीपीएच्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची स्थापना २००६ची. त्यांच्या मैफलींचे हंगाम नरिमन पॉइंटला होतात आणि त्यात हॉर्नवादक असतात.

वडनेरकरांसाठी पहिला मार्ग जवळचा. कामठीला ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं रेजिमेंटल सेंटर आहे, नागपुरात वायुदलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे. छावणीत जाऊन शिकवणी मागता येत नाही, तिथे हेलपाटा घालू नका. शोधायचे आहेत निवृत्त बॅंडवादक. वर्धा आणि नागपूर या दोन्ही ठिकाणी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. एका कागदावर नाव, मोबाईल नंबर आणि 'सैनिकी बॅंडमधून निवृत्त झालेल्या पितळी वाद्यवादकाकडे शिकायचं आहे' एवढं लिहून द्या. कुणाचा नंबर मागू नका, तो ते देणार नाहीत. तुमचा नंबर पुढे पोहोचवण्याची विनंती करा. अर्ज दिल्यावर महिनाभराने एकदा आठवण द्या.

ऑनलाइन शिक्षकाचे पंचेचाळीस मिनिटांच्या तासाला देशात आठशे ते दीड हजार रुपये धरा. परदेशातला शिक्षक तीन-चार पट. महिन्याला दोन तास पुरेत, चार घेतलेत तर मधला सराव होत नाही. पहिला तास पैसे देऊन घ्या, पण तीन महिन्यांचं पॅकेज आगाऊ घेऊ नका. पहिल्या तासाला तीन गोष्टी बघा: शिक्षक स्वतः हॉर्न वाजवून दाखवतो का, तुमचा उजवा हात भोंग्यात कसा आहे हे कॅमेरा फिरवायला लावून बघतो का, आणि तास संपताना लिहून काही देतो का. ट्रम्पेटवाला 'हॉर्नही शिकवतो' म्हणत असेल तर पहिल्या वर्षापुरता चालेल, त्यानंतर नाही.

परदेशी शिक्षकाला कार्डाने पैसे देत असाल तर बॅंक परकीय चलनाचा वेगळा आकार आणि त्यावर जीएसटी लावते. दर महिन्याला ही गळती होते. दोन-तीन महिन्यांचे पैसे एकत्र पाठवण्याआधी बॅंकेकडून दर विचारा.

व्हिडिओ कॉलचे अॅप माणसाचं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून बाकीचा आवाज दाबतात. लांब धरलेला स्वर त्यांना गोंगाट वाटतो आणि तो मधेच तुटतो. सेटिंगमध्ये जाऊन मूळ आवाजाचा पर्याय चालू करा. विजेचा भरवसा नसेल तर तासाआधी मोबाईल पूर्ण चार्ज करा, आणि तासाच्या आधी दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग शिक्षकाला पाठवून ठेवा. कॉल तुटला तरी त्या रेकॉर्डिंगवर तास होऊ शकतो.

हॉर्न घेताना

'फ्रेंच हॉर्न' या नावाखाली बाजारात चार वेगळ्या वस्तू विकल्या जातात. दिवाणखान्यात टांगायचा शोभेचा पितळी हॉर्न. बॅंडच्या दुकानात मिळणारा उभा, पिस्टनचा टेनर हॉर्न. उजव्या हाताने वाजवायचा, भोंगा पुढे असलेला मेलोफोन. आणि खरा हॉर्न, ज्याला फिरत्या कळा असतात, त्या डाव्या हाताने दाबतात आणि भोंगा मागे, उजव्या बाजूला येतो. ऑनलाइन मागवताना कळांचा आणि भोंग्याचा फोटो वेगवेगळा मागा. फोटो देत नसेल तर तो सौदा सोडा.

खऱ्या हॉर्नमध्येही दोन प्रकार. 'सिंगल', म्हणजे बहुधा एफ सुरातला, आणि 'डबल', म्हणजे एफ आणि बी फ्लॅट एकाच वाद्यात, अंगठ्याच्या कळीने बदलणारा. पेटी वाजवत असाल तर असं समजा: एफ हॉर्नवर कळ न दाबता लिहिलेला सी वाजवला की पेटीवर तो पांढरी चार असतो. डबल हॉर्नवर अंगठ्याची कळ दाबली की वाद्य काळी पाचचं होतं. उंच स्वर त्या बाजूला कमी चुकतात. पहिल्या वर्षाला सिंगल पुरतो. पुढे जायचं पक्कं असेल तर सिंगल मधे न घेता थेट जुना डबल घेणं स्वस्त पडतं.

किमतींचा ढोबळ अंदाज असा. मेरठ ही देशातल्या बॅंडवाद्यांची पेठ, तिथल्या जली कोठी भागात १८८५पासूनची नादिर अली अॅंड कंपनी आहे. भारतीय बनावटीचा हॉर्न साधारण वीस ते चाळीस हजारांत मिळतो. चिनी बनावटीचा डबल साठ हजार ते सव्वा लाख. यामाहाचा नवा सिंगल दोन लाखांच्या पुढे, नवा डबल चार लाखांच्या पुढे. जुना, चांगला जपलेला यामाहा सिंगल लाख-सव्वा लाखात मिळाला तर तो माझ्या मते सगळ्यांत शहाणपणाचा सौदा. भारतीय बनावटीचा हॉर्न घ्यायचाच असेल तर स्वतः जाऊन, वाजवून घ्या, पार्सलने नको. दोन हॉर्नमध्ये सुराचा आणि कळांचा फरक मोठा असू शकतो, आणि चुकीच्या सुराच्या हॉर्नवर शिकलेला कान दुरुस्त करायला वर्ष जातं.

परदेशातून मागवत असाल तर संकेतस्थळावरची किंमत ही तुमची किंमत नाही. वस्तू, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर सीमाशुल्क लागतं, त्यावर अधिभार, आणि या सगळ्यावर पुन्हा आयजीएसटी. वर कुरिअर कंपनीचा मंजुरी आकार. मूळ किमतीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी रक्कम वेगळी काढून ठेवा. 'भेटवस्तू म्हणून पाठवतो, कमी किंमत दाखवतो' असं विक्रेता म्हणाला तर नकार द्या. पार्सल अडकलं किंवा वाटेत चेपलं तर विम्याचे पैसेही त्या दाखवलेल्या कमी किमतीवरच मिळतात.

मुंबईला जायचं तर वर्ध्याहून सेवाग्राम एक्सप्रेस किंवा विदर्भ एक्सप्रेस, रात्रीचा प्रवास. सीएसएमटीहून धोबी तलावचं फर्टाडोज चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आधी फोन करून हॉर्न दुकानात आहे का, वाजवून बघू देतील का, हे विचारा. ऑर्डर देऊन मागवलेला हॉर्न परत घेत नाहीत, असा नियम पावतीवर बारीक अक्षरात असू शकतो. तो पैसे देण्याआधी वाचा.

दुकानात दहा मिनिटांची तपासणी

वाजवता येत नसलं तरी हे तुम्ही करू शकता. एका कळीची स्लाइड, म्हणजे ओढून बाहेर येणारी नळी, कळ न दाबता थोडी बाहेर ओढा. चार-पाच सेकंद थांबा. मग तीच कळ दाबा. 'पॉप' असा स्पष्ट आवाज आला तर हवा धरून ठेवली जाते. आवाजच आला नाही तर कळ झिजलेली आहे. तिन्ही कळांवर हे करा, डबल असेल तर दोन्ही बाजूंच्या नळ्यांवर.

मग कळीचं मागचं झाकण फिरवून काढा. आत फिरणाऱ्या भागावर आणि स्थिर भागावर खुणा दिसतात. कळ सोडलेली असताना आणि पूर्ण दाबलेली असताना, दोन्ही वेळा खुणा एका रेषेत आल्या पाहिजेत. नसतील तर बहुतेक वेळा आतले बुचाचे किंवा रबराचे छोटे तुकडे झिजलेले असतात. ती दुरुस्ती किरकोळ आहे, पण तेवढे पैसे किमतीतून कमी करून घ्या. कळ आणि तिचा दांडा यांच्यामध्ये दोरी असेल तर ती तुटलेली-विरलेली नाही ना, हेही बघा.

शेवटी माउथपीसजवळच्या पहिल्या नळीवर लालसर गोल डाग आहेत का ते पाहा. आतून पितळ खाल्लं गेल्याची ती खूण. पोचा काढता येतो, पण खाल्लेली नळी बदलावीच लागते. असा हॉर्न सोडा.

पेटी, माउथपीस, कळांचं तेल आणि स्लाइडचं ग्रीस किमतीत आहे का, हे लेखी घ्या. पेटी वेगळी घ्यावी लागली तर पाच-दहा हजार वाढतात.

वाजवण्यात जीव कसा येतो, आणि किती दिवसांत

पहिल्या आठवड्यात आवाज निघतो. तीन महिन्यांत साधी चाल. वर्षभरात नोटेशन वाचून छोटी रचना. ऐकणाऱ्याला थांबावंसं वाटेल असं वाजवायला तीन ते पाच वर्षं, तीही रोज सराव केला तर. 'सहा महिन्यांत मैफल' म्हणणाऱ्या कोर्सला पैसे देऊ नका. हॉर्नवर वरच्या पट्टीतले नैसर्गिक स्वर एकमेकांना इतके खेटून असतात की ओठ जरासे चुकले तरी शेजारचा स्वर लागतो. म्हणून हॉर्नवर स्वर आधी मनात ऐकावा लागतो, मग वाजवावा लागतो.

इथे तुमच्याकडे एक मोठी जमेची बाजू आहे. भजनी मंडळात बसलेल्याचा, काकड्याला गायलेल्याचा कान तयार असतो. तो वापरा. ओळखीच्या अभंगाची चाल घ्या, आधी गा, श्वास कुठे घेतला तिथे पेन्सिलने खूण करा. मग त्याच खुणांवर श्वास घेऊन हॉर्नवर वाजवा. शब्द जिथे जोरात येतो तिथे स्वर फुलू द्या, जिथे ओळ संपते तिथे आवाज हळूहळू सोडा, कापू नका. मग तेच लक्ष मोझार्टच्या हॉर्न काँचेर्टोमधल्या संथ भागाला द्या.

रोजचा व्यायाम एकच, पण चुकवू नका. एक मधला स्वर. चार मात्रांत अगदी हळू ते मोठा, पुढच्या चार मात्रांत परत हळू. समोर मोबाईलवर ट्यूनर. आवाज वाढताना काटा हलला नाही पाहिजे. आवाजाचा चढउतार सुराला धक्का न लावता करता आला की वाजवण्यात भाव यायला वाट मोकळी होते. तोवर कंपाची घाई करू नका.

उजवा हात शोभेसाठी नाही. तळहात किंचित वाकवून, बोटं जुळवून भोंग्याच्या आत, बाहेरच्या कडेला टेकवायचा. हात बाहेर ठेवून वाजवलं तर आवाज कर्कश आणि सूर चढा येतो. भिंतीपासून हात-दोन हात दूर बसा, कारण आवाज मागे जातो आणि भिंतीवरून परतणारा आवाज तुम्हाला खोटा दिलासा देतो. शेजाऱ्यांसाठी सराव-म्यूट मिळतो, पाच ते पंधरा हजारांत. रोज वापरू नका, त्यावर श्वासाची सवय बिघडते. त्यापेक्षा शेतातली मोकळी जागा आणि संध्याकाळची वेळ चांगली.

पुस्तकांवर खर्च कमी करा. कोप्राशचे साठ अभ्यास जुने आहेत, स्वामित्वहक्कमुक्त आहेत आणि इंटरनेटवर फुकट मिळतात. एकच पुस्तक विकत घ्यायचं तर फिलिप फार्कस यांचं 'द आर्ट ऑफ फ्रेंच हॉर्न प्लेइंग', १९५६चं, आजही कामाचं. ऐकायला हॉर्नवादक डेनिस ब्रेन यांनी १९५३ साली वाद्यवृंदसंचालक कारायान यांच्यासोबत केलेलं मोझार्टचं ध्वनिमुद्रण. तेही ऑनलाइन ऐकता येतं.

परीक्षा आणि नोकरी

ट्रिनिटी कॉलेज लंडन आणि एबीआरएसएम, दोन्हींच्या परीक्षांत हॉर्न आहे आणि दोन्हींची व्हिडिओ पाठवून देता येणारी परीक्षा आहे. म्हणजे वडनेरमधूनच. व्हिडिओ मधे न कापता, सलग. फरक एक: एबीआरएसएममध्ये सहावी ग्रेड आणि पुढे जाण्याआधी पाचव्या ग्रेडची थिअरी किंवा तिला मान्य असलेली पर्यायी परीक्षा लागते, ट्रिनिटीत ती अट नाही. शुल्क दर वर्षी बदलतं, चालू वर्षाचं शुल्क त्यांच्या संकेतस्थळावरूनच घ्या, मधल्या क्लासवाल्याकडून नको. खरा खर्च शुल्कात नसतो. बहुतेक रचनांना पियानोची साथ लागते. साथीदार बोलावला तर त्याचे पैसे परीक्षेच्या शुल्काइतके होऊ शकतात. ध्वनिमुद्रित साथ त्या ग्रेडला चालते का, हे नियमावलीत वाचा. स्वामित्वहक्क असलेल्या रचनांची पुस्तकं मूळची लागतात, झेरॉक्स नाही.

दहावीच्या वाढीव गुणांच्या आशेने या परीक्षा देऊ नका. ती सवलत शास्त्रीय कला आणि लोककलांच्या मान्यताप्राप्त परीक्षांसाठी आहे. शाळेकडून लेखी खात्री झाल्याशिवाय त्या हिशेबाने पैसे भरू नका.

नोकरीचा दरवाजा मात्र खरा आहे. वायुदलाच्या अग्निवीरवायू (संगीतकार) भरतीत चालणाऱ्या वाद्यांच्या यादीत फ्रेंच हॉर्न आहे. शिक्षण दहावी उत्तीर्ण, उमेदवार अविवाहित, मुलींनाही संधी. २०२४च्या जाहिरातीत शुल्क १०० रुपये आणि जीएसटी होतं. चाचणीला स्वतःचं वाद्य स्वतःच न्यावं लागतं, हे धरून चला. नोकरी चार वर्षांची, त्यातून जास्तीत जास्त २५ टक्के पुढे कायम होऊ शकतात. हे समजून अर्ज करा. महाराष्ट्र पोलिसांतही बॅन्डस्मन ही पदं दहावीवर भरली जातात. नौदलातही अग्निवीर संगीतकार भरती होते.

कागद आधीच जमवा: दहावीची गुणपत्रिका, आधार, अधिवास दाखला, पासपोर्ट आकाराचे फोटो, आणि वय अठरापेक्षा कमी असेल तर पालकांचं संमतिपत्र. अधिवास दाखल्यासाठी हिंगणघाट तहसीलच्या सेतू केंद्रात किंवा 'आपले सरकार' संकेतस्थळावर अर्ज करा. जाहिरात निघाल्यावर धावाधाव करू नका, तीन आठवडे हाताशी ठेवा. सेतू केंद्रात लावलेल्या दरपत्रकापेक्षा जास्त मागितले तर पावती मागा. भरतीत 'सेटिंग' करून देतो म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

दर वर्षीचा खर्च

कळांचं तेल, सांध्यांचं तेल आणि ग्रीस मिळून वर्षाला दोन-अडीच हजार. शिवणयंत्राचं तेल घालू नका, ते घट्ट होऊन कळ अडकते. मे महिन्यात हॉर्न गाडीत किंवा पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. तेल उडून जातं, आणि तापलेल्या वाद्याचा सूरही चढतो. महिन्यातून एकदा कोमट पाण्याने पहिली नळी धुवा. गरम पाणी नको, लॅकर उडतं. पोचे काढायला बॅंडची वाद्यं दुरुस्त करणारा चालेल, पण फिरत्या कळा त्याच्या हाती देऊ नका. त्यासाठी मुंबईला पाठवायची तयारी ठेवा, वाहतूक धरून पाच ते दहा हजार. पाठवताना हॉर्न पेटीत, पेटी खोक्यात, आणि मधल्या जागेत गच्च भरलेले कपडे.

एसटीने हिंगणघाट किंवा नागपूरला नेताना हॉर्न मांडीवर घ्या, डिकीत टाकू नका. महिलांना तिकिटात निम्मी सवलत आहे, ती दर महिन्याच्या फेऱ्यांत चांगली जमते. खरेदीची पावती, अनुक्रमांकाचा फोटो आणि चारी बाजूंचे फोटो मोबाईलशिवाय आणखी एका ठिकाणी जपून ठेवा. पुढे डबल हॉर्न घेताना जुना विकायचा असेल तर गिऱ्हाईक हेच कागद आधी मागतं, आणि पावती असलेल्या यामाहाला बिनपावतीच्या वाद्यापेक्षा भाव चांगला येतो.